न गोठणाऱ्या तलावाकाठी 'वॉल्डन' वाचताना

सुरुवातीलाच एक खुलासा. हे गोरेगाव म्हणजे मुंबईच्या लोकलचं स्टेशन नव्हे. हे गोंदिया जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आहे. धानाची शेतं, पळस, मोह आणि दर दोन-चार किलोमीटरवर एखादा तलाव किंवा बोडी, असा हा मुलूख. हिवाळ्यात विदर्भातल्या नीचांकी तापमानाच्या बातमीत गोंदियाचं नाव बऱ्याचदा पहिलं असतं. तरीही पारा सात-आठ अंशांवर आला की आपल्याकडे हद्द झाली. तलाव गोठणं तर दूरच, काठावरचं दवसुद्धा क्वचितच गोठतं.

मग गोठलेला तलाव वसंतात कसा मोकळा होतो, हे सांगणाऱ्या प्रकरणाबद्दल मी इथे का लिहिते आहे? कारण माझा पीएच.डी.चा विषय उथळ तलावांच्या पाण्याचं तापमान हा आहे. या विषयात शिरलेल्या माणसाला आज ना उद्या कुणीतरी हेन्री डेव्हिड थोरोचं 'वॉल्डन' हातात देतंच. तेही निसर्गप्रेम वाढावं म्हणून देतात. माझं म्हणणं असं की या पुस्तकातलं 'स्प्रिंग' हे प्रकरण निसर्गप्रेमासाठी वाचलं तर निम्मंच हाती लागतं. त्यातली खरी कमाई तारखांत आणि आकड्यांत आहे, आणि आपल्या तलावांना नेमकी तीच हवी आहे. प्रकरणात काही ठिकाणं कच्चीही आहेत. ती आपल्या पाळीवर उभं राहून बघितलं की स्पष्ट दिसतात.

पुस्तक कोणतं, प्रकरण कोणतं

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. थोरो 4 जुलै 1845 ला अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या कॉनकॉर्ड गावाजवळ, वॉल्डन तलावाच्या काठी स्वतः बांधलेल्या खोपटात राहायला गेला. 6 सप्टेंबर 1847 ला तिथून निघाला. पुस्तक आलं 1854 मध्ये. दोन वर्षं, दोन महिने आणि दोन दिवसांचा मुक्काम त्याने पुस्तकात एकाच वर्षात बसवला आहे. एकूण 18 प्रकरणं, त्यातलं 17वं 'स्प्रिंग'. म्हणजे हिवाळा संपतो, तलाव मोकळा होतो आणि पुस्तकही संपायला येतं.

मराठीत हे पुस्तक दुर्गा भागवतांनी आणलं, 'वॉल्डनकाठी विचारविहार' या नावाने. 'ऋतुचक्र' लिहिणाऱ्या बाईंनी हे काम हाती घ्यावं यात नवल नाही. पण नावाकडे जरा बघा. त्यात विचार आहे, विहार आहे, मोजणी नाही. मराठीतल्या वाचकाकडे थोरो असाच पोचला आहे: साधं राहणारा, चिंतन करणारा, गांधीजींना आवडलेला. हातात थर्मामीटर आणि बुडीद दोरी घेऊन बर्फावर पालथा पडलेला थोरो आपल्या ओळखीचा नाही. दुर्गाबाईंना दोष देण्याचा हेतू नाही. इंग्रजीतही बहुतेक वाचक प्रकरणाचा पहिला तृतीयांश भराभर उलटून पुढच्या सुंदर भागाकडे जातात.

त्या पहिल्या तृतीयांशात काय आहे ते बघू.

सात तारखा

वॉल्डनवरचा बर्फ पूर्ण गेला त्या दिवसांची एक यादी प्रकरणात येते. 1845 मध्ये 1 एप्रिल. 1846 मध्ये 25 मार्च. 1847 मध्ये 8 एप्रिल. 1851 मध्ये 28 मार्च. 1852 मध्ये 18 एप्रिल. 1853 मध्ये 23 मार्च. 1854 मध्ये 7 एप्रिलच्या सुमारास.

साधी वाटणारी ही यादी नीट वाचली तर तीन गोष्टी दिसतात.

पहिली: थोरो 1847 मध्येच तलाव सोडून गावात परतला होता. यादीतल्या शेवटच्या चार तारखा त्यानंतरच्या आहेत. म्हणजे खोपटं सुटलं, तरी हा माणूस दर वसंतात तलावावर जाऊन बर्फ कधी गेला ते लिहीत राहिला. पुस्तकभर एकाच वर्षाची गोष्ट सांगणारा लेखक इथे मात्र हिशेब लपवत नाही. ज्याला आपण 'वॉल्डनचा वसंत' म्हणतो तो एक वसंत नाहीच. साधारण दहा वर्षांतले सात वसंत आहेत.

दुसरी: 1848, 1849 आणि 1850 या तीन वर्षांची नोंद यादीत नाही. का नाही, ते तो सांगत नाही. पण अंदाजाने भरूनही टाकत नाही. प्रयोगशाळेत काम केलेल्या कुणालाही याची किंमत कळेल. रिकामा रकाना रिकामाच ठेवणं हा शास्त्रातला पहिला धडा असतो आणि पाळायला सगळ्यात अवघड असतो.

तिसरी: सगळ्यात लवकरची तारीख 23 मार्च, सगळ्यात उशिराची 18 एप्रिल. मध्ये 26 दिवस. आणि या दोन तारखा लागोपाठच्या वर्षांतल्या आहेत, 1852 आणि 1853. एकाच वर्षाकडे बघून 'हवामान बदललं हो' म्हणणाऱ्याला ही दोन वर्षं दाखवावीत. सातही तारखांची सरासरी काढली तर 2 एप्रिलच्या आसपास येते. एक वसंत काहीच सांगत नाही, सात वसंत थोडं सांगतात. पुढे दीडशे वर्षांनी त्यांनी बरंच सांगितलं. ते शेवटी सांगते.

बर्फावरचा थर्मामीटर

यादीच्या आगेमागे मोजमाप आहे. 6 मार्च 1847 ला त्याने वॉल्डनच्या मध्यावर थर्मामीटर बुडवला: 32 अंश फॅरनहाइट, म्हणजे आपलं 0 सेल्सियस. काठाजवळ 33. त्याच दिवशी शेजारच्या फ्लिंट्स पाँडच्या मध्यावर साडेबत्तीस, आणि काठापासून थोडं आत, उथळ पाण्यात, फूटभर जाड बर्फाखाली 36. सेल्सियसमध्ये सांगायचं तर सव्वादोन अंश.

इथे थांबून विचार करा. वर फूटभर बर्फ असताना खालचं उथळ पाणी उघड्या हवेकडे न बघता गरम कसं होतं? थोरोचं उत्तर बरोबर आहे. सूर्याचा प्रकाश बर्फातून आरपार जातो, उथळ तळावर पडतो, तळ तापतो, आणि तळाजवळचं पाणी बर्फाला खालूनही वितळवतं. म्हणजे बर्फ दोन्ही बाजूंनी झिजतो. काठाचा आधी, मधला नंतर.

यात पाण्याचा एक विक्षिप्तपणा जोडायला हवा. बहुतेक द्रव थंड होतील तसे जड होत जातात. पाणी 4 अंश सेल्सियसला सगळ्यात जड असतं, त्याखाली पुन्हा हलकं होतं, आणि बर्फ तर त्याहूनही हलका. म्हणून थंड देशातला तलाव वरून गोठतो आणि तळाशी साधारण 4 अंशांचं पाणी मासे-बेडकांसाठी शिल्लक राहतं. वसंतात बर्फ गेला, वरचं पाणी तापत 4 अंशांवर आलं, की वर-खाली सगळं पाणी एकाच वजनाचं होतं. मग वाऱ्याच्या एका झोताने अख्खा तलाव ढवळून निघतो. हिवाळाभर कोंडलेल्या तळाला प्राणवायू मिळतो. तलाव 'जागा होतो' असं थोरो ज्या अर्थाने म्हणतो, त्यामागे हे ढवळणं आहे.

एका ठिकाणी मात्र त्याचं स्पष्टीकरण आज पुरेसं वाटत नाही. बर्फातले हवेचे बुडबुडे भिंगासारखं काम करून खालचा बर्फ वितळवतात, असं तो म्हणतो. कल्पना चतुर आहे. पण वसंतातला बर्फ मधाच्या पोळ्यासारखा पोकळ होऊन एकाएकी नाहीसा का होतो, याचं मुख्य कारण स्फटिकांच्या सांध्यांत आहे. आत शिरलेली ऊन्हाची ऊर्जा स्फटिकांमधल्या सांध्यांना आधी वितळवते आणि बर्फाच्या उभ्या मेणबत्त्या सुट्या होतात. थोरोने जे पाहिलं ते अगदी अचूक आहे. का होतं, ते अर्धं. निरीक्षकाकडून याहून जास्त मागू नये.

खोल तलावाला आठवण असते

प्रकरणातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य सौंदर्याबद्दल नाही. थोरो सांगतो की वॉल्डन शेजारच्या तलावांपेक्षा आठवडा-दहा दिवस उशिरा मोकळा होतो, कारण तो खोल आहे आणि त्यातून कुठला ओढा वाहत नाही. आणि म्हणूनच ऋतू खरोखर किती पुढे सरकला हे त्याच्याइतकं नीट दुसरं कुठलंच पाणी दाखवत नाही; दोन दिवसांच्या ऊनथंडीने तो फसत नाही.

हे 1854 मध्ये लिहिलं आहे, याचं अप्रूप वाटतं. आम्ही आज ज्याला 'सूचक' निवडणं म्हणतो ते हेच. वॉल्डन थोरोने स्वतः दोरी टाकून मोजला होता: 102 फूट, म्हणजे 31 मीटर. एवढ्या पाण्याला तापायला आणि थंड व्हायला वेळ लागतो. त्यामुळे त्याच्यावरच्या बर्फात अख्ख्या हिवाळ्याची बेरीज साठलेली असते. कालच्या गारठ्याला तो विचारतही नाही.

आता गोरेगावच्या तलावाकडे या. आपले तलाव बहुधा दोन-तीन पुरुष खोल, बोडी तर त्याहून कमी. असं पाणी दिवसा वर तापतं, रात्री थंड होऊन खाली बसतं आणि बहुतेक रात्री ढवळून निघतं. पौष-माघात पहाटे तलावावरून वाफ निघताना तुम्ही पाहिली असेल. ती थंडीची वाफ नव्हे. हवेपेक्षा पाणी अजून गरम आहे, त्याची ती खूण. अशा तलावाला कालचा दिवस आठवतो, परवाचा पुसट. म्हणून वॉल्डनची पद्धत इथे जशीच्या तशी लावली, एका ठरावीक तापमानाची वाट पाहत बसलं, तर हाती गोंधळच लागेल.

मग आपल्या तलावात ऋतूची बेरीज कुठे साठते? माझं उत्तर: पाण्याच्या रेषेत. दिवाळीला पाणी पाळीच्या कुठल्या दगडाला टेकलं होतं आणि होळीला कुठल्या दगडाला टेकलं आहे, यात गेला पावसाळा, झालेलं बाष्पीभवन, झिरपलेलं पाणी आणि उन्हाळी धानासाठी सोडलेलं पाणी, सगळं जमा आहे. वॉल्डनच्या बर्फात फक्त निसर्ग होता. आपल्या रेषेत निसर्ग आणि माणसाचा हात मिसळलेले आहेत. संशोधकाला हे त्रासाचं आहे, पण आपल्या तलावाचं खरं वर्णन तेच आहे.

जिथे प्रकरण घसरतं

थोरोचा दोष हा की आकडा हाताशी असताना तो कधीकधी त्यावरून उडी मारतो. त्याच्या गाजलेल्या एका कल्पनेचंच बघा, जी आधीच्या, हिवाळ्यातल्या तलावाच्या प्रकरणात आहे. 1846-47 च्या हिवाळ्यात शंभर आयरिश मजूर येऊन वॉल्डनचा बर्फ कापतात. त्यावरून तो म्हणतो की मद्रास, मुंबई, कलकत्त्याचे घामेजलेले लोक आता आपल्या विहिरीचं पाणी पिणार, वॉल्डन आणि गंगा एक होणार. कल्पनेला आधार आहे: फ्रेडरिक ट्यूडर या बोस्टनच्या व्यापाऱ्याचं बर्फाचं जहाज 1833 मध्येच कलकत्त्याला लागलं होतं, नंतर मुंबईतही अमेरिकेचा बर्फ विकला जाई. भारतातला वाचक इथे खूश होतो.

पण त्याच प्रकरणात थोरोने स्वतः दुसरी नोंद करून ठेवली आहे. त्या हिवाळ्यात रचलेला दहा हजार टनांचा ढीग पुढच्या जुलैत उघडला, थोडा नेला आणि उरलेला उन्हात राहिला. तो पुरता वितळायला सप्टेंबर 1848 उजाडला. म्हणजे त्यातलं बहुतेक पाणी तलावातच परत गेलं. मुंबईपर्यंत पोचली ती बव्हंशी कल्पना. मला यात थोरो लबाड वाटत नाही, उलट त्याची वही त्याच्या वाक्चातुर्यापेक्षा जास्त प्रामाणिक वाटते. दोन्ही जवळजवळ ठेवून तो वाचकाला निवडू देतो. निवड वहीची करावी.

दुसरी जागा, माणसांची. 'स्प्रिंग'मध्ये एक म्हातारा येतो. आयुष्यभर नदी-तलावावर घालवलेला. तो बदकांच्या शिकारीला गेलेला असताना दूरवरून मोठा गडगडाट ऐकतो, पक्ष्यांचा थवा समजून बंदूक घेऊन धावतो आणि बघतो तर बर्फाचा अख्खा थर काठाला घासत येतो आहे. सुंदर प्रसंग. पण म्हाताऱ्याला नाव नाही, त्याने आयुष्यभर जे पाहिलं त्यातली एकही तारीख आपल्याला मिळत नाही. बर्फ कापणारे मजूरही असेच येतात आणि जातात. प्रकरण वाचून वाटतं की तलावाकडे बघणारा एकच माणूस होता. तसं नसणारच.

आपल्याकडे हा दोष परवडणारा नाही. गोंदिया-भंडाऱ्याचा तलाव कुणी एकटा बघत नाही. डोंगा घालून जाळं टाकणारा ढिवर, शिंगाड्याचा वेल लावणारा, तुडुमातून पाणी सोडणारा, पाळीवर गुरं आणणारा, कपडे धुणाऱ्या बाया, सगळे रोज बघतात. एकांतात बसलेल्या निरीक्षकाची थोरोची मूर्ती इथे आणली, तर ज्यांना तलाव खरोखर माहीत आहे तेच चित्रातून बाहेर पडतात.

तिसरी जागा वाळूची. रेल्वेसाठी कापलेल्या उतारावर गोठलेली वाळू वितळून ओघळते आणि पानांसारखे आकार धरते, यावर थोरोने अनेक परिच्छेद लिहिले आहेत. अभ्यासक या भागावर सगळ्यात जास्त खूश असतात. भाषा म्हणून मीही आहे. पान, लोळा, गोल यांच्या इंग्रजी शब्दांत त्याला जो नाद सापडतो तो मराठीत आणणं जवळपास अशक्य. पण हेच आकार आपल्याकडे दिसतात ते मृग नक्षत्रात, पहिल्या दोन-तीन पावसांत, तलावाच्या पाळीच्या उतारावर. तिथे ते बघून कुणी हरखत नाही. पाळीला घळ पडायला लागली, एवढाच त्याचा अर्थ. ती वेळेवर बुजवली नाही तर पावसाळ्यात पाळ फुटते.

आणि हाच दोन्ही तलावांतला मुळातला फरक. वॉल्डन हिमनदीने मागे ठेवलेल्या बर्फाच्या ढेपेतून तयार झाला. त्याला कुणी बांधलं नाही, कुणी दुरुस्त करत नाही. आपले तलाव माणसांनी बांधले. पूर्व विदर्भात माजी मालगुजारी तलावांची संख्या सहा हजारांच्या वर आहे. त्यातले कितीतरी कोहळी समाजाने बांधले. मालगुजारी 1950 च्या कायद्याने गेली, तलाव सरकारकडे आले, पाण्यावरचे निस्तार हक्क कागदावर राहिले. पाळ, तुडुम, सांडवा आणि गाळ यांची वर्षाच्या वर्षाला होणारी देखरेख मात्र बऱ्याच ठिकाणी कुणाचीच राहिली नाही. थोरोच्या तलावाला फक्त बघणारा पुरतो. आपल्या तलावाला बघणारा आणि फावडं उचलणारा, दोघे लागतात.

आपल्याकडचा 'स्प्रिंग'

मराठीत स्प्रिंगला वसंत म्हणतो आणि तिथेच फसतो. वसंत म्हटलं की मोहोर, पळस, कोकिळा. झाडांच्या बाजूने ते खरं आहे. पाण्याच्या बाजूने उलटं आहे. वॉल्डन ज्या दिवसांत उघडतो, त्याच दिवसांत आपला तलाव मिटायला लागतो.

त्याची सुरुवात पक्ष्यांपासून होते. तलवार बदकं, पट्टकादंब आणि इतर हिवाळी पाहुणे फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतात. त्यांना जायचं असतं मध्य आशिया, मंगोलिया, तिबेट, लडाख अशा ठिकाणी, जिथे पाणी अजून गोठलेलं असतं किंवा नुकतं फुटत असतं. आपला तलाव गोठत नसला तरी दूरचा बर्फ वितळला की आपल्याकडची गर्दी कमी होते, ते असं. पक्ष्याला तिथला बर्फ दिसत नाही. लांबणारा दिवस आणि अंगात साठलेली चरबी त्याला हलवतात. दिवसाची लांबी दरवर्षी तीच राहते, बर्फ मात्र लवकर वितळू लागला आहे. या दोन घड्याळांत अंतर पडलं तर काय होतं, हा सध्याच्या संशोधनातला मोठा प्रश्न आहे.

पुढे पाण्याची रेषा उतरते. मे महिन्यात उघड्या पाण्यावरून दिवसाला सेंटिमीटरच्या आसपास पाणी नुसतं हवेत जातं. पाणी तापतं तसा त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. 0 अंशांच्या पाण्यात लिटरमागे साडेचौदा मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, 30 अंशांच्या पाण्यात साडेसातच्या आसपास. म्हणजे जवळपास निम्मा. रात्री वनस्पती प्राणवायू बनवत नाहीत, श्वास मात्र सगळेच घेतात, म्हणून पहाटे तो सगळ्यात कमी असतो. रोहू-कतला पहाटे वर येऊन तोंड उघडताना दिसले तर समजावं की तलाव दमला. मरळ तेव्हाही टिकते, कारण तिला थेट हवेतून श्वास घेता येतो. ढिवरांना हे फार आधीपासून ठाऊक आहे. मिलिग्रॅम आमचे आहेत एवढंच.

आणि मग उघडी पडलेली तलावाची पोट. पुस्तकी डोळ्यांना हा मृत्यू वाटतो. तसं नाही. याच दिवसांत गाळ काढून शेतात टाकतात, बेशरमाची झुडपं मुळासकट उपटता येतात. अर्जुनी-मोरगाव भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने, मनीष राजनकर आणि ढिवर समाजातल्या जाणकारांनी मिळून जे काम केलं त्याचा गाभा हाच: कोरडी पोट नांगरायची आणि देशी पाणवनस्पती लावायच्या, म्हणजे देशी मासे आणि पक्षी परत येतात. कुठली वनस्पती कुठल्या खोलीवर लावायची, हे ज्ञान प्रयोगशाळेतून आलेलं नव्हतं.

तारखांचं पुढे काय झालं

आता वॉल्डनच्या त्या यादीकडे. बोस्टन विद्यापीठाचे रिचर्ड प्रिमॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थोरोच्या वह्या काढून आजच्या नोंदींशी ताडून बघितल्या. बर्फ जाण्याची सरासरी तारीख अलीकडच्या दशकांत साधारण दोन आठवडे अलीकडे आली आहे. त्याने नोंदलेल्या नेहमीच्या फुलांपैकी 43 जाती सरासरी आठवडाभर आधी फुलतात. त्याने पाहिलेल्या वनस्पतींपैकी 27 टक्के कॉनकॉर्डमधून गेल्या आहेत. हे 2008 च्या सुमारास छापून आलेले निष्कर्ष. थोरोला हवामानबदल माहीत नव्हता. त्याने फक्त तारखा लिहिल्या.

त्याच्याहून जुनं उदाहरण जपानचं. सुवा सरोवर कधी गोठतं याची नोंद तिथले शिंतो पुजारी 1443 पासून ठेवत आले. पहिल्या 250 वर्षांत फक्त 3 वर्षं सरोवर गोठलं नाही. 2005 ते 2014 या दहाच वर्षांत 5 वेळा गोठलं नाही. हे पुजारी शास्त्रज्ञ नव्हते, ही त्यातली आपल्याला उपयोगी बाब.

आपल्याकडे अशी एक सवय सुरू झाली आहे. गोंदिया हा महाराष्ट्रातला सारस पक्ष्याचा शेवटचा मोठा आसरा, आणि इथे दर जूनमध्ये सारसांची मोजणी होते. स्वयंसेवक, शेतकरी, वनखातं मिळून. त्या आकड्यांमुळेच प्रश्न न्यायालयापर्यंत जाऊ शकला. 'पूर्वी खूप होते हो' एवढ्यावर कुणी दाद दिली नसती.

तलावांबाबत मात्र आपण अजून 'पूर्वी खूप पाणी राहायचं हो' एवढ्यावरच आहोत. जुन्या कागदांत क्षेत्र आहे, मालकी आहे, पाण्याचा हक्क आहे. पाणी कधीपर्यंत होतं, हे नाही. उद्या एखादी बोडी 'निकामी' ठरवून तिच्यावर प्लॉट पाडायचे झाले, तर ती मार्चपर्यंत भरलेली असते हे सिद्ध करायला तुमच्याकडे काय असेल? आजोबांची आठवण. ती खरी असली तरी फायलीत लागत नाही.

म्हणून 'स्प्रिंग' वाचाच, मराठीत वाचा, दुर्गाबाईंच्या भाषेत वाचा. पण सुंदर वाक्यांखाली रेघा मारण्याआधी त्या सात तारखांखाली मारा. आणि जमलं तर आपल्या गावच्या तलावाच्या चार तारखा यंदा लिहा: शेवटचं पाहुणं बदक दिसलं तो दिवस, पाळीचा ठरवलेला दगड उघडा पडला तो दिवस, मासे पहाटे तोंड वर काढू लागले तो दिवस, आणि पावसाळ्यात सांडव्यावरून पहिलं पाणी गेलं तो दिवस. चूक वर्ष असं काही नसतं. एखादी तारीख हुकली तर रकाना रिकामा सोडा. नोंद करताना ज्याने सांगितलं त्याचं नाव त्याला विचारून शेजारी लिहा. थोरोने त्या म्हाताऱ्याचं लिहिलं नाही, आपण लिहू.

शाळेची जुनी वही चालेल. फोटोची गरज नाही, ॲपची तर नाहीच. फक्त दगड दरवर्षी तोच ठेवा.